बँडवाल्यांचा संप

अण्णा दामल्यांनी बँकेत अडतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी संप घडवण्यात. नातवाच्या लग्नात मात्र त्यांचा एकच हट्ट होता, बँड हवा. आणि नेमकं ऐन मे महिन्यात, विनीतची मिरवणूक वर्तकनगरच्या नाक्यावर असताना बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली.

"संप," म्हातारा क्लॅरिनेटवाला महिपत म्हणाला. जाड मखमली कोटात तो घामाने निथळत होता. "गेल्या आठवड्यात आमचा जगन उन्हात कोसळला. अजून हॉस्पिटलात आहे. आता पूर्वीचं ऊन राहिलं नाय."

"मुहूर्तावर अडवणूक?" बँडमालक सुदेश तडकला.

"संप मुहूर्तावरच करतात. एरवी त्याला रजा म्हणतात," अण्णा बोलून गेले. त्यांच्या पत्नीने, वासंतीबाईंनी डोळे वटारले.

आज ते फेटा बांधून मालकाच्या बाजूला उभे होते. "नोटीस दिली होती?"

"रविवारीच दिलेली. ह्यांनी वाचलीपण नाय." महिपतने खिशातून कागदाची दुसरी प्रत काढली. कोट नकोत, पाणी द्या, आणि शक्य असल्यास दुपारी रस्त्यावर वाजवायला लावू नका.

अण्णांचा हात शिवशिवला. "मालकाला कधीच काही शक्य नसतं," म्हणत त्यांनी 'शक्य असल्यास' खोडलं आणि लिहिलं: उन्हाळ्यात बारा ते चार रस्त्यावर वाजवणार नाही, आजपासून. गिऱ्हाईकच फितूर झालेलं पाहून सुदेशने मुकाट सही केली.

कोट उतरले. महिपतने क्लॅरिनेट उचलली आणि थबकला. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. "अण्णा, तुमच्यासाठी आजच्या दिवस मोडू."

हो म्हणावंसं अण्णांना फार वाटलं. "पहिल्या दिवशी मोडलेला करार पुढे कोणी पाळत नाही," ते म्हणाले. "नको."

मिरवणूक मुकीच निघाली. अण्णा मान खाली घालून चालत होते. वासंतीबाईंना ते बघवेना. इतकी वर्षं नवऱ्याच्या घोषणा कानांवर पडलेल्या. त्यांनी पदर खोचला आणि मूठ उंचावली.

"कोण म्हणतं सून देणार नाही?"

महिपतच्या माणसांना शिकवावं लागलं नाही. "घेतल्याशिवाय राहणार नाही," असा त्यांचा आवाज चढला, मग वऱ्हाडाचा, आणि शेवटी फाटक्या गळ्याने अण्णांचा.

गलका ऐकून नवरी, क्षिप्रा, मुंडावळ्या सावरत कार्यालयाच्या दारात आली.

"सगळं मंजूर," ती म्हणाली. "पण आधी आत या सगळे. ऊन लागेल."