माझ्या काठावरची खाच

"...अन् मंग त्या बाईनं उचलला गडवा, अन् थेट भासऱ्याच्या डोस्क्यात..."

"अबे चूप! साहेब आले."

एवढंच बोलून ते दोघं पक्षकार उठून आत गेले. माझ्यावर ओळीनं बसलेली मिडल स्कूलची पोरंपोरी मात्र अर्धवट ऐकून तळमळत राहिली. केशवराव मास्तरांनी त्यांना कायद्याची कामं कशी चालतात ते दाखवायला अमरावतीच्या कोर्टात आणलं होतं. पण आता कायदा कोणाला सुचतो? "मेला काय मंग तो भासरा?" कुंदा नावाची चुणचुणीत पोरगी शेजारणीला विचारत होती.

कुंदे, मला विचार ना! मी या व्हरांड्यातला बाक. ते सगळं माझ्या अंगावरच घडलं.

माझं लाकूड मेळघाटातल्या सागाचं. पाठीवर अजून जुन्या 'सी. पी. अँड बेरार' प्रांताचा शिक्का आहे. सुतारानं मला आतल्या दालनासाठी घडवलं, पण एक पाय आखूड निघाला. मी डुगडुगायला लागलो, तशी माझी रवानगी बाहेर झाली. बरंच झालं म्हणा! आत एका वेळी एकच माणूस बोलतो, बाहेर सगळेच. कोणाच्या घरी भांडण, कोणाची चूल वेगळी झाली, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तुम्हाला वाटतं कोर्ट म्हणजे काळा कोट. अरे, लोकांचे अर्ज लिहून देणारे अर्जनवीस, कागद सांभाळणारे शिरस्तेदार, वकिलाचे मुन्शी, नावाचा पुकारा करणारे पट्टेवाले, सगळे माझ्यावर टेकून गेलेत. यातलं एखादं माणूस वेळेला जागेवर नसलं, की जीव कसा टांगणीला लागतो ते ऐका.

पार्वताबाई नांदगाव खंडेश्वरकडची. नवरा वारला. दोघं भाऊ आधीच वेगळे निघालेले, त्यामुळे नवऱ्याच्या वाट्याचं वावर तिच्याकडे यायचं. पण भासरा, म्हणजे तिचे थोरले दीर खुशालराव, म्हणू लागले, "वाटणी झालीच नाही." वावर त्यांनी पेरूनही घेतलं. बाईनं दावा लावला. वकील दिले बापूसाहेब.

तारखेच्या दिवशी खुशालराव माझ्यावर ऐसपैस बसले होते. भासरे बसलेत तिथं भावजय कशी बसेल? ती माझ्या टोकाला, खांबाच्या आड, खाली फरशीवर. तोंडावर पदर. जवळ घरून आणलेला पाण्याचा पितळी गडवा. बापूसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेले आणि मुन्शी त्यांना आणायला धावलेले.

नेमका तेव्हाच पुकारा झाला.

"पार्वताबाई हाजिर है?"

पट्टेवाले रामराव दाराशी उभे. "हाव," पार्वताबाई पुटपुटली. मला ऐकू आलं, पण त्या गलक्यात दारापर्यंत कुठून जाणार? भासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही, हे लग्नापासूनचं वळण. उठून जावं, तर वाट त्यांच्याच पुढून.

"पार्वताबाई हाजिर है?"

पोरांनो, पुकारे तीनच होतात. तिसऱ्यालाही कोणी आलं नाही, तर दावा खारीज. मग वावर खुशालरावांचंच.

रामराव जवळ आले. "काय जी खुशालराव, भावजय आली काय तुमची?"

खुशालरावांनी मिशीवर हात फिरवला, वर आढ्याकडे पाहिलं. "मले काय मालूम? आली नसन."

हातभर अंतरावर होती हो ती! पदराखालचा तिचा श्वास मला ऐकू येत होता. मुन्शी गेले त्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. मला तोंड नाही याचा एवढा राग कधी आला नव्हता.

रामराव दाराशी परतले. त्यांनी छाती भरून घेतली. "पार्वताबाई..."

ठण्ण!

गडवा माझ्या काठावर आदळला. पाणी उडालं. व्हरांडा एकदम चिडीचूप. पार्वताबाई उभी राहिली. पदर तसाच, पण गडव्याचा हात वर. आता आपलीच पाळी, असं खुशालरावांना वाटलं. "अवं माय!" म्हणत ते असे वाकले, की फेटा घरंगळत पायरीवर गेला.

"इथंच होती तं बोलली काहून नाई वो बाई?" रामराव ओरडले.

"भासरे बसले ना जी," ती हळूच म्हणाली.

रामराव हसले नाहीत. आत जाऊन म्हणाले, "हजर आहे, साहेब. पण भासऱ्यांसमोर बोलत नाही." तेवढ्यात बापूसाहेब धापा टाकत पोचले. जज्जसाहेबांनी खुशालरावांना तिला दिसणार नाहीत असं मागं बसवलं. मग तिचा आवाज पार बाहेर माझ्यापर्यंत आला, "चुली दोन होत्या, साहेब. माही चूल मीच मांडली."

पुढं निकालात वावर तिचं ठरलं, विहीर सामाईक राहिली. आजही दोघांच्या मोटा त्याच विहिरीवर चालतात आणि भासरे दिसले की ती पदर ओढते, असं ऐकतो.

आता माझ्या आखूड पायाला वाळवी लागलीय. नवे बाक येणार म्हणतात. जायच्या आधी एवढंच मागणं. तुमच्यातलं कोणी वकील होईल, कोणी जज्ज, कोणी दाराशी उभं राहून पुकारा करील. तिसऱ्या पुकाऱ्याआधी खांबाच्या आड एकदा बघा रे बाबांनो. सगळ्यांनाच मोठ्यानं 'हजर' म्हणता येत नाही.

कुंदेचा अंगठा आत्ता माझ्या काठावरच्या खाचेत गेलाय. "मास्तर, याले काय लागलं?" ती विचारतेय.

गडवा लागला, माय. त्या बाईनं गडवा हाणला हे खरं आहे. पण डोस्कं भासऱ्याचं नव्हतं, काठ माझा होता.