पाण्याच्या चुली

"एकतीस!" हाज बिही पाटाच्या काठावर उभा राहून ओरडला. "पानी प्यायला तीनशे तोंडं आन् गाळ उपसायला एकतीस खोरी! तासिल्तवाल्यांच्या बायका पोरं जनत्यात का चिमन्या?"

खाली गुडघाभर चिखलात उभी असलेली इगरानची माणसं खदखदून हसली. तासिल्तच्या एकतीस जणांनी मान वर केली नाही. डोंगरावरचा बर्फ नुकता सुटायला लागला होता आणि पाटातला गाळ हाडांना चावत होता. अशा गाळात भांडणापेक्षा खोरं मारलेलं बरं.

हम्मू पाटकरी अक्रोडाखालच्या दगडावर बसून काड्या मोजत होता. वेळूच्या काड्या, प्रत्येकीवर वेगळी खूण. एका चुलीची एक काडी, एका काडीमागं पाट उपसायला एक माणूस. पाणी जमिनीच्या हिशोबानं, गाळ चुलीच्या हिशोबानं. हा रिवाज त्याच्या आज्याच्याही आधीचा. खालच्या इगरानच्या नव्वद काड्या, वरच्या तासिल्तच्या एकतीस.

"हाजजी," हम्मू शांतपणे म्हणाला, "चूल येक, काडी येक. आमच्यात आई जित्ती असस्तवर भाऊ वायले व्हत न्हाईत. तुमच्यात बायको आली की दुसऱ्या दिशी चूल मांडत्यात, त्याला आमी काय करावं?"

आता हसायची पाळी तासिल्तची होती.

खरं तर बिहीचं म्हणणं खोटं नव्हतं. तासिल्तच्या एकेका घरात तीन-तीन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, सगळे एका भांड्यावर जेवत. गाळ उपसायला मात्र त्यातला एकच जाई. हम्मूला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. वरच्या गावाची तेवढीच एक हुशारी होती. बाकी सगळं खालच्या गावाकडं होतं: शाळा, दवाखाना, डांबरी रस्ता आणि पंचायतीतली खुर्ची. दोन गावांचा मिळून एक वार्ड, इगरानची मतं जास्त. खुर्चीवर चौदा वर्षं हाज बिही.

पूलही तिकडंच झाला. मंजूर झाला होता तासिल्तच्या ओढ्यावर, त्यासाठी साऱ्या गावानं अर्जावर सह्या केल्या होत्या. बांधला बिहीच्या तेलघाण्याजवळ, जिथं ओढा शेळीसुद्धा उडी मारून ओलांडते. मागच्या हिवाळ्यात वरच्या ओढ्याला एकोणीस दिवस पूर होता. हम्मूची नात इत्तो सहावीच्या परीक्षेला निघाली, ओढ्यापाशी दप्तर डोक्यावर धरून दुपारपर्यंत उभी राहिली आणि परत आली. तिचं वर्ष गेलं. आता ती शेळ्यांमागं जात होती. परीक्षेचं नाव कुणी घेतलं नाही.

दुपारी गाळातली माणसं भाकरी तेलात बुडवून खात होती तेव्हा मुकादम इद्दर खेचरावरून आला. कचेरीचा निरोप आणायचा आणि गावाचा निरोप न्यायचा, एवढं त्याचं काम. दोन्हीकडच्या शिव्या त्याच्याच वाट्याला येत.

"वार्ड नव्यानं पाडत्यात," तो उतरता उतरता म्हणाला. "वरून हुकूम आलाय. लहान-मोठं न्हाई, समदे सारखे. नकाशा लागलाय कचेरीत. कुनाची हरकत असंल तर बाजारच्या दिशी या."

हाज बिहीनं चहाचा पेला हळूच खाली ठेवला. हम्मूनं ते पाहिलं आणि बाजारचा दिवस बोटांवर मोजला.

*

गुरुवारी बाजारात न थांबता तो मोठ्या मुलाला, मोहाला, घेऊन थेट कचेरीत गेला. कारकून शहरातला तरुण होता, बोलायला नम्र. त्यानं नकाशा टेबलावर पसरला.

"हे इगरान, हे तासिल्त. मधे ओढा. रेघ ओढ्यावरून ओढली तर तुमचा वार्ड स्वतंत्र. माझी काही हरकत नाही, काका."

"मग वढा की, साहेब!"

"पण वार्डाला साठ कुटुंबं तरी लागतात. तुमची एकतीस आहेत. म्हणून रेघ दोन्ही गावांभोवती घातली आहे."

"एकतीस?" मोहा टेबलावर वाकला. "साहेब, तीनशेच्या वर मानसं हायेत आमी! कुन्या आंधळ्यानं मोजली?"

कारकुनानं कागद उलटला. "कुटुंब म्हणजे एक चूल, असं इथं लिहिलंय. आकडा मुकादमानं आणलेला आहे."

दाराशी उभ्या असलेल्या इद्दरनं घसा खाकरला. "मी कुठनं आननार? पाटकऱ्यालाच इचारलं. त्येच्याइतकं मोजलेलं कुनाकडं हाय?"

हम्मूला तो दिवस लख्ख आठवला. दोन वर्षांपूर्वी, याच पाटावर. इद्दरनं कागद काढून विचारलं होतं, "दादा, तासिल्तच्या चुली किती?" शेजारी बिही कान टवकारून बसला होता. हम्मूला वाटलं, हे काड्या वाढवायला आलेत. छाती पुढं काढून त्यानं ठणकावलं होतं, "एकतीस! बत्तिसावी दाखवा, माझी दाढी उतरवा!"

दाढी आज उतरत होती. मोहा त्याच्याकडं बघत होता आणि हम्मू आपल्या जोड्यांकडं.

"महिनाभराची मुदत आहे," कारकून म्हणाला. "वेगळ्या चुली असतील तर मुकादमानं समक्ष पाहाव्यात आणि लिहून द्याव्यात. मग मी रेघ बदलतो."

वाटेनं मोहा चार पावलं पुढं चालत होता. चढ लागल्यावर म्हणाला, "बाबा, गाळ वाचवला तुमी आमचा."

ती शाबासकी नव्हती.

*

"माझ्या घरात दुसरी चूल?" तुदानं, हम्मूच्या बायकोनं, हातातली पळी खाली आपटली. "मी मेले का? आजून हिंडती-फिरती हाय! आईची चूल इझल्यावर, तिचे दगड भाईर काढल्यावर दुसरी मांडत्यात. आताच मांडा, आन् संगं माझा खड्डाबी खना!"

"अगं, कागदापुरती."

"कागद खातोस का? सासू जित्ती असताना सुनंनं चूल मांडली म्हंजे म्हातारीला टाकलं, आसं म्हनत्यात. उद्या पान्यावर बाया मला इचारतील, तुदाबाई, कुनाच्या दारात जेवलीस?"

घरोघर हेच झालं. हम्मू दिवसभर दारं हिंडला आणि दारोदार म्हाताऱ्यांच्या शिव्या खाऊन आला. पुरुषांची तक्रार वेगळी होती. "दादा, आज म्हनतोस साठ चुली, उद्या पाटावर साठ काड्या काढशील. मानसं कुठनं आनू? निम्मी तिकडं अगादीर शहरात संत्री भरत्यात." हम्मूचा धाकटा मुलगा यिदिरही तिथंच होता. त्याची बायको रकिया मागं राहिली होती, सासूच्या आणि मोठ्या जावेच्या, इज्जाच्या, हाताखाली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं सगळं झालं होतं.

सहाव्या दिवशी इत्तो शेळ्या घेऊन आली, दाराशी बसून पायातला काटा काढू लागली. तुदा तिच्याकडं बघत राहिली. मग उठली, अंगणात गेली आणि ओढ्यातले सहा गोल दगड ओच्यात घालून घेऊन आली.

"ऐक," ती हम्मूला म्हणाली. "तीन तिकडं, तीन हिकडं. वर भांडं ठेवायचं. पर भांड्यात निस्तं पानी. अन्न शिजंल ती चूल. पान्याला चूल म्हनत न्हाईत. अल्लाला तेवढं कळतं. कचेरीला धूर दिसला म्हंजे झालं."

ही युक्ती वाऱ्यासारखी गावभर गेली. म्हाताऱ्यांचा मान राहिला आणि धूरही निघाला. चार दिवसांत तासिल्तच्या अंगणांत दगडांची त्रिकुटं उभी राहिली.

इद्दर मोजायला सकाळी आला तेव्हा गावावर चौसष्ट धूर होते. बदामाला फूल आलं होतं आणि ते धुरात दिसत नव्हतं. इद्दरबरोबर न बोलावता हाज बिहीही आला होता. घराघरांत जाऊन भांड्यांकडं नाक वळवत तो हम्मूच्या अंगणात पोचला आणि रकियासमोरच्या हंड्यावरचं झाकण त्यानं स्वतःच उचललं.

"मुकादम, बघ! निस्तं पानी!"

रकिया पांढरीफटक पडली. तुदा मात्र जागेवरून हलली नाही.

"च्याचं आधन हाय."

"येवढा हंडाभर?"

"तुमीबी येनार म्हनून कळलं व्हतं, हाजजी. तुमची भूक-तहान समद्या वार्डाला ठावं हाय. चौदा वर्सं झाली."

इद्दरनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. त्यानं कागदावर आकडा टाकला: तीन.

महिन्यानं रेघ ओढ्यावर आली. तासिल्तचा वार्ड स्वतंत्र झाला. निवडणूक पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. गावानं एक बकरा कापला आणि तो एकाच मोठ्या कढईत शिजवला. त्या दिवशी वेगळ्या चुलींची आठवण कुणाला झाली नाही.

*

दुसऱ्या दिवशी इद्दर सांगून गेला, "चुली इझवू नका, दादा. बिहीनं अर्ज केलाय, यादी खोटी हाय म्हनून. निवडनुकीपतोर कवाबी तपासनी हुईल. मी सांगायला येनार न्हाई, येकदम येईन."

मग चुली जळत राहिल्या. सकाळ-संध्याकाळ, उन्हाळाभर, हिवाळाभर. जिथं एका घराला लाकडाचा एक भारा लागे तिथं तीन लागू लागले. बायका पहाटे निघून दोन डोंगर ओलांडून वाळकी झुडपं आणत आणि त्यांवर पाणी उकळत. पाणी आटलं की पुन्हा ओतत. "काय शिजतंय गं?" "वार्ड." हा विनोद पहिले दोन महिने चालला.

बर्फ सुटायला लागला आणि पाट उपसायचा दिवस आला. हाज बिही आधीच काठावर येऊन उभा होता आणि त्याच्याबरोबर कचेरीचा कारकून.

"पाटकरी," बिही गोड आवाजात म्हणाला, "तासिल्तच्या चौसष्ट काड्या काढा. चूल येक, काडी येक. तुमचाच बोल हाय. येक जरी कमी पडली तर साहेबांनी लिहून घ्यावं."

हम्मूनं रात्रभर जागून नव्या काड्या केल्या होत्या. पण माणसं एकतीसच खाली उभी होती. तो बोलायला तोंड उघडणार एवढ्यात वरच्या वाटेनं बायका उतरताना दिसल्या. पुढं इज्जा, तिच्यामागं रकिया, मग सगळ्या, कमरेला पदर खोचून, खांद्यावर खोरी. पाटात बाई आजवर उतरली नव्हती.

"हे काय?" बिही ओरडला. "रिवाज हाय का ह्यो?"

"रिवाज चुलीमागं येक मानूस म्हनतो," इज्जा म्हणाली. "मानूस, हाजजी. मिशी न्हाई."

रकियानं सासऱ्यापुढं हात केला. हम्मूनं तिच्या चुलीची काडी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली. काडीवर एक आडवी खूण होती आणि तिच्यावर एक ठिपका.

"ही माझी?"

"तुझी."

ती काडी तिनं चिखलात खोचली आणि मांडीपर्यंत गाळात उतरली. दिवसभर ती वर आली नाही. तिच्या वाट्याचा तुकडा सगळ्यांच्या आधी साफ झाला. कारकुनानं दोनदा मोजलं. चौसष्ट. बिही जेवायलाही थांबला नाही.

हम्मू काड्या गोळा करून, पाटाचं पाणी सोडून सगळ्यांच्या मागून घरी निघाला. दिवे लागायची वेळ होती. बऱ्याच दिवसांनी त्याची मान ताठ होती. वाटेत मोहा भेटला तर त्याला दोन शब्द बोलावेत असं त्याच्या मनात होतं.

अंगणात पाऊल टाकलं आणि तो थबकला. जिऱ्याचा वास येत होता. तुदाच्या चुलीवरून नाही. ती चूल आत होती. वास कोपऱ्यातल्या हंड्यातून येत होता.

रकिया हंड्यापुढं बसली होती. पायांवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. हंड्यात मसूर रटरटत होती. पाटावरची ती काडी तिनं परत न देता चुलीच्या दोन दगडांच्या फटीत उभी खोचून ठेवली होती. तिनं सासऱ्याकडं पाहिलं, नजर खाली घातली नाही आणि हंडा ढवळत राहिली.

हम्मूला म्हणायचं होतं, विझव. पण विझव म्हणायचं कसं? विझवली तर त्रेसष्ट. त्रेसष्टाचा अर्ज बिहीच्या खिशात तयारच असणार. कोपऱ्यात इत्तो भिंतीला टेकून झोपली होती, शेळ्यांच्या वासाची.

इज्जा आपल्या पाण्याच्या हंड्याशी उभी राहून धाकट्या जावेकडं बघत होती. ती रागावली आहे की हिशोब करते आहे, ते हम्मूला कळेना.

तुदा आतल्या उंबऱ्यावर बसली होती. रकियानं वाडगा भरला. वर जवाची भाकर झाकली, शेजाऱ्याकडं पाठवताना झाकतात तशी, आणि दोन्ही हातांनी सासूपुढं ठेवला.

तुदानं वाडग्याकडं पाहिलं. मग भाकर बाजूला करून एक घास तोंडात घातला.

"मीठ बराबर हाय," ती म्हणाली. मग हम्मूकडं वळून म्हणाली, "शेजार चांगला मिळाला. ये, जेव."