सेखोपीच्या फाटकावर गुरं

ज्यांना आयुष्यात एक झाड लावता आलं नाही, ती माणसं दुसऱ्यांची लग्नं अडवत फिरतात, असं सेआबेलो म्हणायचा. मोचुडीत अशी माणसं पुष्कळ होती आणि त्यात सगळ्यात वरचा नंबर सेखोपीचा होता.

सेखोपी हा सेइपोनेचा थोरला भाऊ, बापामागे घरचा कर्ता. सेआबेलो आणि सेइपोने पंचवीसेक वर्षं एका घरात राहत होते. तो विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा, ती गावातल्या लग्न झालेल्या बायकांचे निळे छापील झगे शिवायची. मुलगी झाली, तिचं नाव तेबात्सो ठेवलं, तेव्हापासून गाव त्यांना तेबात्सोचे बाबा आणि तेबात्सोची आई म्हणू लागलं. लग्न तेवढं राहिलं होतं.

राहिलं म्हणजे राहू दिलं गेलं. सेआबेलोने मागणं घालायला माणसं पाठवली नाहीत असं नाही. पहिल्यांदा सेखोपी म्हणाला, नांगरणी होऊ दे. मग म्हणाला, कापणी होऊ दे. मग घरात कुणी गेलं, वर्षभर दुखवटा. पुढे पाऊसच पडला नाही. आणि हे सगळं तो सेआबेलोच्या अंगणात, सेआबेलोच्या खुर्चीत, सेआबेलोचीच बिअर पीत सांगायचा. रीतीप्रमाणे मुलीच्या घरी द्यायची म्हणून सेआबेलोने या लग्नासाठी निराळी काढलेली गुरं रानातल्या गोठ्यात म्हातारी झाली. त्यांच्या कालवडींना वासरं झाली.

आता तेबात्सोचं ठरलं होतं. मुलाकडची माणसं शनिवारी येणार होती. मंगळवारी सकाळी सगळे वस्तीच्या चावडीवर बसले आणि सेखोपी घसा खाकरून उभा राहिला.

"पोरीची गुरं माझ्या गोठ्यात येतील. तिच्या आईचं लग्न झालेलं नाही. म्हणजे पोर आमच्या घरची. रीत आहे, मी काय करू?"

त्याचा चेहरा रीतीच्या ओझ्याने दबल्यासारखा झाला होता. सेआबेलोला वाटलं, बोकडालासुद्धा याहून चांगलं सोंग जमेल. इतक्या वर्षांची नांगरणी कशासाठी चालली होती ते आज उघड झालं होतं, आणि तरीही माणसं माना डोलवत होती.

"आणि शनिवारी पोरीला आत बसवून बायका चार शब्द सांगतील," सेखोपी पुढे म्हणाला, "तिथं शालवाल्या बायकाच बसतात. सेइपोनेनं चुलीकडे बघावं."

चौकड्यांची निळी शाल लग्न झालेल्या बाईनेच पांघरायची. सेइपोने बायकांत मागे बसली होती. तिने मान खाली घातली नाही. बोटातलं शिवणाचं टोपण काढलं आणि पुन्हा घातलं.

"मी मागणं घातलं होतं," सेआबेलो म्हणाला. "एकदा नाही."

"मागणं!" सेखोपी हसला. "तोंडानं कोणीही मागतं रे पंपवाल्या. उद्या उजाडायला माझ्या फाटकावर गुरं उभी कर, मी स्वतः फाटक उघडतो. पण तुला जमायचं नाही. तुझ्याच्यानं पंपातून पाणी वेळेवर येत नाही!"

माणसं हसली. सेआबेलोची आत्या काठी टेकत उठली. "काय म्हणालास बाबा? मला जरा कमी ऐकू येतं."

तिला तीन घरं पलीकडची कुजबुज ऐकू यायची. पण सेखोपीला हशा आवडला होता. त्याने सगळं पुन्हा, आणखी मोठ्याने सांगितलं. उजाडायला, फाटकावर, मी स्वतः.

"ऐकलं ना हो?" आत्याने मुखियाला विचारलं.

"ऐकलं," मुखिया म्हणाला.

घरी आल्यावर सेइपोने बराच वेळ ज्वारीची पेज घोटत राहिली. मग म्हणाली, "गुरांचं मी काही बोलत नाही. सेखोपीला खाऊ देत, पोट फुटू दे त्याचं. पण मला त्या खोलीत बसायचंय. माझी पोर आत बसणार आणि मी बाहेर कांदे चिरू?"

सेआबेलो दारात उभा होता. "मग उद्या लग्न करायचं का?"

"उद्या? उद्या मला दोन झगे द्यायचेत."

"ज्यांचे झगे त्याच बायका मला वरातीला लागणार आहेत," मागोमाग आलेली आत्या म्हणाली. "मी सांगून येते. तू हो म्हण आधी."

सेइपोनेने पळी झटकली. "बरं, हो."

सेआबेलो मित्राचा ट्रक घेऊन रानात गेला आणि संध्याकाळच्या आत गुरं घेऊन परतला.

बुधवारी तांबडं फुटताना सेखोपीच्या फाटकावर गुरं हंबरली. नवऱ्या मुलाने मागणीला जायचं नसतं, म्हणून केस पिकलेला हा नवरा मुलगा लांब झाडाखाली ट्रकमध्ये काच खाली करून बसला होता. गुरांच्या मागे बायका रांगेत उभ्या होत्या. निळे झगे, निळ्या शाली. यातला एकेक झगा सेइपोनेच्या हातचा होता. आत्याला कुणालाच दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं.

सेखोपी बनियनवर, दात घासत बाहेर आला.

"आम्ही पाण्याचा भोपळा मागायला आलोय," आत्या म्हणाली. सून अशीच मागतात.

"कसला भोपळा?"

"तुमच्या घरचा. पाणी आमच्याकडे कधीचं भरतोय, पण मागायचं दार हेच आहे."

"असं एकदम? माणसं बोलवायला हवीत, बिअर करायला हवी. निदान नांगरणी तरी…"

"जीभ नांगरलीस ना काल?"

बायका खिदळल्या. मुखिया आपली खुर्ची घेऊन आला होता. ती त्याने रस्त्यातच मांडली. "सेखोपी, तू काल दोनदा म्हणालास."

फाटक तारेने बांधलेलं होतं. सेखोपीला गाठ सुटेना. कुणी मदतीला गेलं नाही. शेवटी ऊन यायच्या आत गुरं आत गेली.

मग सेइपोनेला आणून तिच्या बापाच्या घरात जमिनीवर बसवलं आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईला संसार कसा करावा ते सांगितलं. नवऱ्याला कधी विचारू नये की तू कुठून आलास.

"तो रेडिओशेजारी झोपतो," सेइपोने म्हणाली. "विचारायचं काय?"

ती शाल पांघरून ट्रकजवळ आली. "उकडतंय यात," म्हणाली, पण काढली नाही. सेआबेलोने मागे पाहिलं. सेखोपी गुरांचे दात बघत होता. जे काम चहा उकळेपर्यंत आटपलं, त्यासाठी या माणसाने अर्धं आयुष्य अडवून धरलं होतं, आणि आपण त्याला बिअर पाजत होतो. सेआबेलो खिडकीतून थुंकला.

शनिवारी मुलाकडची गुरं सेआबेलोच्या गोठ्यात आली. सेखोपी स्वच्छ कोट घालून आला होता.

"दाजी," तो म्हणाला, "इथं सावलीत या ना."

इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

"पंपवाला म्हण," सेआबेलो म्हणाला. "सवय आहे मला." आणि तो घरामागे गेला, जिथे बायकांच्या खोलीची खिडकी होती. पुरुषाने तिथे उभं राहू नये, अशीही एक रीत होती.

आत कुणीतरी तेबात्सोला तेच सांगत होतं, नवऱ्याला विचारू नये कुठून आलास. मग सेइपोनेचा आवाज आला.

"विचार गं. रोज विचार. नाही सांगितलं तर जेवण झाकून ठेव आणि झोप. पण विचारायचं सोडू नकोस."

कुणी शालवाली रागावली, कुणी हसली. सेइपोने बोलत राहिली. तिला पुष्कळ सांगायचं होतं. सेआबेलो भिंतीला टेकून तिचा आवाज थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला.