शेऱ्याचा रकाना

मी शब्द देऊन बसले होते, तीच पहिली चूक. येवल्याजवळच्या एका खेड्यातल्या बयाबाईंना मी आठवडाभरापूर्वी फोनवर ठामपणे सांगितलं होतं, "रविवारी बारा वाजता या. तुमच्या नवऱ्याची सही तुम्हाला दाखवते." आता रविवारच्या सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि माझा प्रोग्रॅम चौथ्यांदा उताणा पडला होता.

माझे वडील शरच्चंद्र हे रामकुंडावरचे तीर्थपुरोहित. आमच्या पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये सोफ्याला जागा नाही, पण वह्यांच्या कपाटांना दोन खोल्या आहेत. अस्थी घेऊन किंवा श्राद्धासाठी जे घराणं येतं, त्याचं एक पान असतं. आलेल्या माणसाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, साल, खाली त्याची सही किंवा अंगठा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. गेली दोन वर्षं मी त्या वह्यांचे अकरा हजार फोटो काढून सगळ्या नोंदी टाईप करत होते. नाव टाकलं की घराण्याचं झाड पडद्यावर यावं आणि पानाचा फोटो उघडावा, एवढंच मला करायचं होतं. ऑफिसात मी जावामध्ये बँकांची कामं करते, तेव्हा हे म्हणजे डाव्या हाताचं काम, असा माझा समज होता.

बयाबाईंची मागणी साधी होती. त्यांचे यजमान पुंजा एक्याण्णव साली घरातून गेले ते परत आले नाहीत. बारा वर्षं वाट पाहून, रिवाजाप्रमाणे, पळसाच्या पानांचा पुतळा करून मुलाने इथेच रामकुंडावर त्यांचे अंत्यविधी केले. घरात त्यांचा फोटो नाही. सोमवारी पणतवंडाचं बारसं होतं आणि सगळ्यांना बाळाचं नाव पुंजा ठेवायचं होतं.

"जित्या माणसाचं नाव पाळण्यात घालत नाहीत, ताई," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "नातू झाला तवा मी हे नाव ठेवू दिलं नाय. मुलानं विधी केला, पर माझ्या मनाला पटलं नाय. आता म्हातारी झाले. त्याचं अक्षर एकदा बघते, हात जोडते, मंग ठेवा म्हणते. गुरुजींना सात-आठ वर्षं इचारतेय, त्यांना वही काय घावत नाय."

हे ऐकून मला बाबांचा रागच आला होता. म्हाताऱ्या बाईला सात-आठ वर्षं नुसतं झुलवत ठेवायचं? मी त्यांना विचारलंही. पेपरमधून डोकं न काढता ते म्हणाले, "त्या गावची वही पुरात भिजली, स्वरदा. नाद सोड." मग तर मी हट्टालाच पेटले, कारण त्या गावच्या नोंदी टाईप केल्याचं मला पक्कं आठवत होतं.

तर, प्रोग्रॅम. मी कोड लिहिते त्याच सॉफ्टवेअरमधून सर्व्हर सुरू करते. बाकी कुठलंही घराणं टाकलं की झाड झटकन यायचं. बयाबाईंचं घराणं टाकलं की लॅपटॉपचा पंखा बोंब मारायचा, पडदा थिजायचा आणि शेवटी लाल अक्षरांत यायचं, मेमरी संपली. सर्व्हर सुरू करतानाच्या सेटिंगमध्ये किती मेमरी द्यायची ते सांगता येतं. मी एक जीबी दिली, मेला. दोन दिली, मेला. चार दिली, तर जरा उशिरा मेला. सहा दिल्यावर लॅपटॉपच बंद पडला.

दहा वाजता मी ऑफिसातल्या वैष्णवीला फोन लावला. ती आंघोळीला निघाली होती, तरी टॉवेल खांद्यावर टाकून तिने ऐकून घेतलं.

"चार पिढ्यांच्या घराण्याला सहा जीबी? बाई गं, एकलहऱ्याचं सगळं वीज केंद्र चालव की त्याच्यावर! मेमरी कमी नाहीये तुझी. काहीतरी गोल फिरतंय. वाढवत बसू नकोस. मेमरी भरते त्या क्षणी आत काय काय साठलंय त्याची फाईल काढता येते ना? ती उघड आणि डोळ्यांनी बघ."

मला स्वतःची लाज वाटली. नव्या मुलांना हेच तर मी रोज सांगते. दोन जीबीवर परत आले, सर्व्हर पुन्हा पाडला आणि फाईल उघडली.

आत फक्त दोनच नावं होती. फकिरा पुंजा, पुंजा फकिरा, फकिरा पुंजा, पुंजा फकिरा. बोटाने पान खाली सरकवत राहिले, तरी संपेना. चाळीस लाख वेळा तीच दोन माणसं एकमेकांचे बाप होऊन बसली होती.

मी कपाळावर हात मारला. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत! फकिराचा मुलगा पुंजा, त्याचा मुलगा परत फकिरा. नाव, वडील आणि गाव जुळलं की माणूस एकच, असं मी प्रोग्रॅमला शिकवलं होतं. म्हणून आजोबा आणि नातू एकच झाले आणि प्रोग्रॅम बापाचा बाप शोधत गरगर फिरत बसला. वह्यांमध्ये हा घोळ कधी होत नाही, कारण तिथे शेरा असतो. कोण आलं, कोणासाठी आलं, ते त्यात लिहिलेलं असतं. वेळ वाचवायचा म्हणून मी नेमका तोच रकाना टाईप केला नव्हता. ‘स्वतः, वडिलांच्या अस्थी’ हे अकरा हजार वेळा कोण लिहीत बसेल, असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते.

त्या घराण्याच्या एकंदर चारच नोंदी होत्या. फोटोचा नंबर मिळाला, फोटो उघडला. पान कोरडं ठणठणीत होतं. पुराच्या पाण्याचा एक डागही त्याच्यावर नव्हता.

बाबा खोटं बोलले होते. आमच्या घरात पूजेचा मुहूर्त चार मिनिटांनी चुकला तरी यजमानाला सांगणारा हा माणूस, आणि एका वहीसाठी खोटं?

मी शेरे टाईप करायला घेतले. पन्नास साल, फकिरा पुंजा, अंगठा, शेरा: स्वतः, वडिलांच्या अस्थी. एकोणऐंशी साल, पुंजा फकिरा, सही, शेरा: स्वतः, वडिलांच्या अस्थी. हीच ती सही! गोल, शाळकरी अक्षर, शेवटच्या कान्याला लांब शेपूट. दोन हजार तीन, फकिरा पुंजा, शेरा: मुलगा, बेपत्ता वडिलांचा विधी. हा बयाबाईंचा मुलगा.

आणि चौथी नोंद. दोन हजार पाच. पुंजा फकिरा.

मी थबकले. दोन हजार पाच साली या घरात पुंजा नावाचं कोणी उरलंच नव्हतं. बयाबाईंनी फोनवर सांगितलेलं नातवाचं नाव अमोल, आणि तो तेव्हा चार वर्षांचा. मी फोटो मोठा केला. काना तसाच, शेपूट तशीच. शेऱ्यात बाबांचं अक्षर होतं: ‘स्वतः. पत्नी कै. बयाबाई यांचे श्राद्ध.’

मी ते तीनदा वाचलं. मुलाने विधी केल्यावर दोन वर्षांनी तो माणूस त्याच घाटावर, त्याच पुरोहितासमोर बसून जिवंत बायकोचं श्राद्ध करून गेला होता. आणि आज बारा वाजता ती बाई ह्या सहीला हात जोडायला येणार होती.

"बाबा!" मी ओरडलेच.

ते दारातच उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"तुम्हाला माहीत होतं."

ते समोरच्या खुर्चीवर बसले. "दाढी वाढलेली होती. मी ओळखलं नाही गं. विधी झाला, गाव विचारलं, पान उघडलं, तर वर माझ्याच हातची दोन वर्षांपूर्वीची नोंद. म्हटलं, अहो, तुमचं तर... तो हसला. म्हणाला, कळलं मला गावाकडून. तिनं माझं उरकलं, मी तिचं उरकलं. आता आम्ही मोकळे. वरच्या पायरीवर एक बाई उभी होती, कडेवर मूल घेऊन. त्याने सही केली आणि गेला."

"आणि तुम्ही?"

"मी शाई वाळेपर्यंत बसून राहिलो."

"वीस वर्षं, बाबा! ती बाई वीस वर्षं..."

"काय सांगणार होतो तिला?" बाबांचा आवाज चढला. "तुझा नवरा जिवंत आहे आणि त्याने तुलाच मारलंय, हे सांगू? पूर्वी तिला वाचता येत नव्हतं, तरी बरोबरच्याला आलं असतं. एकच पान आहे ते. वरची सही दाखवली की खालची दिसणारच."

मला त्यांचा संताप आला आणि त्यांची कीवही आली. भांडायला वेळ नव्हता. मी फोटो कापला. फक्त एकोणऐंशीची नोंद, सुबक चौकटीत. प्रोग्रॅम आता धावत होता, झाड उभं राहिलं होतं, आणि माझा त्यात जीव नव्हता. बाबांना लपवाछपवीबद्दल सुनावून दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि मी तेच करत होते.

बाराला पाच कमी असताना बेल वाजली. बयाबाई बारीक चणीच्या, नऊवारी नेसलेल्या, मागे अमोल पेढ्यांचा पुडा घेऊन. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्या पडद्याकडे पाहत राहिल्या, मग पदराने काच पुसली.

"हे काचेतलं हाय, ताई. कागद कुठं हाय? त्याचा हात ज्याला लागला तो कागद मला बघायचाय."

"आजी, वही जरा..." मी सुरू केलं.

बाबा उठले. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवला. कपाटातून वही आणली, पान उघडलं आणि चौरंगावर बयाबाईंसमोर ठेवली.

बयाबाईंनी सहीवर बोट ठेवलं. "बचत गटात शिकले मी वाचाया," त्या अमोलला म्हणाल्या, जणू तो परका होता. "पुं-जा. फ-कि-रा." त्या हसल्या. मग बोट खाली सरकलं. मुलाचं नाव वाचलं. बोट आणखी खाली गेलं आणि थांबलं.

"कै. बयाबाई," त्यांनी वाचलं. लग्नपत्रिकांवर वाचून त्यांना त्याचा अर्थ पाठ होता. "गुरुजी, ही बयाबाई कोण?"

बाबांनी हात जोडले. सगळं सांगितलं, पायरीवरच्या बाईसकट. सांगताना ते रडत होते. मी माझ्या बापाला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

अमोल ताडकन उठला. "आजी, चल. हे असलं काही..."

"बस खाली." बयाबाईंचा आवाज मोठा नव्हता. त्या बराच वेळ त्या शेपटाच्या कान्याकडे बघत होत्या. चौतीस वर्षं दाराची कडी वाजली की ही बाई उठत असणार, हे मला तेव्हा कळलं आणि मला ते सहन होईना.

"अमोल, घरी फोन लाव. उद्याचं बारसं नाय करायचं. आपल्याला सुतक हाय."

"सुतक? कोणाचं?"

"तुझा आजा गेला."

"अहो बयाबाई," बाबा म्हणाले, "तो गेल्याचं काही कळलेलं नाही. शास्त्राप्रमाणे..."

"त्याच्यासाठी मी त्या साली मेले. माझ्यासाठी तो आज गेला. आता कुंडावर जाऊन आंघोळ करते. दहा दिवस धरू, तेराव्याला बारसं. बाळाचं नाव पुंजा ठेवा. आता ठेवायला हरकत नाय."

त्यांनी हात पुढे केला. बाबांना काही कळेना. मला कळलं. मी पेन दिलं.

चौथ्या नोंदीखाली त्यांनी सही केली. एकेक अक्षर दाबून, कागदाला मागून खड्डे पडतील असं. बाबांनी साल आणि तारीख घातली. मग शेऱ्याच्या रकान्यावर त्यांची निब थांबली.

"काय लिहू?"

बयाबाई पदर खोचून उठल्या होत्या. "लिवा, गुरुजी. बाई सोता आली व्हती."