नवी कातडी

सिस्टरनी चिमट्यात ओलं गॉज धरून बाबांच्या तळपायाच्या जखमेवर जोरात फिरवलं, तसा लेकीने मध्ये हात घातला.

"अहो, हळू! नवी कातडी आहे ती."

बाबा टेबलावर पाय पसरून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. साखरेच्या आजाराने त्यांच्या तळपायाची जाणीव केव्हाच गेली होती. जोडे शिवणाऱ्या माणसाच्या पायात त्याच्याच दुकानातला खिळा घुसला, आणि त्याला दोन दिवस पत्ता नव्हता.

"कातडी?" सिस्टरनी गॉज तिच्यापुढे धरलं. त्यावर पिवळट, बुळबुळीत साय आली होती. "हे जंतू आहेत. घोळक्याने राहतात आणि अंगावर चिकट थर ओढून घेतात. मलम वरच्यावर राहतं, गोळ्या आत पोचत नाहीत. तुम्ही यावरच मलम लावत होतात?"

"हो."

"किती दिवस?"

"पाच महिने."

छोट्या चमच्यासारख्या हत्याराने सिस्टरनी जखम खरवडली. खालून लाल रक्त आलं.

"हे बघा, खाली मांस जिवंत आहे. पण हा थर एक-दोन दिवसांत परत धरतो. घरी रोज घासून पुसायचा, दर आठवड्याला इथे खरवडायचा. हात राखून करू नका. डॉक्टरांनी चार आठवडे दिलेत. भरू लागली तर ठीक, नाहीतर पाऊल काढावं लागेल."

परतताना लेक गप्प होती. गप्प तर ती नवरा गेल्यापासूनच होती. दीड वर्षापूर्वी दोन बॅगा घेऊन ती बाबांकडे आली, तेव्हा रडलीही नव्हती. दगड झालीय, असं बायका म्हणाल्या आणि ते काही खोटं नव्हतं. स्वयंपाक, केरवारे, सहा वाजता बाबांची पट्टी, सगळं वेळच्या वेळी व्हायचं. मध्यंतरी एकदाच, जखमेवर चकाकता पापुद्रा दिसला तेव्हा, तिने शेजारणीला हाका मारून बोलावलं होतं. तेव्हापासून तो पापुद्रा तिने तळहाताच्या फोडासारखा जपला. आपल्या हाताने आपण बाबांचं पाऊल घालवतोय, हे तिला आता कळत होतं. पण कळलेलं कुठे लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला ती पट्टीचं ताट घेऊन पुढच्या खोलीत गेली. तेच बाबांचं दुकान. पाय स्टुलावर ठेवून ते एका जोड्याचा उखडलेला तळ रापीने खरवडत होते.

"किती खरवडता ते?"

"जुना सरस राहिला तर नवा तळ धरत नाही. वरून कितीही छान दिसू दे."

त्यांनी शेजारच्या ढिगातून एक तुकडा उचलला, न बघताच अंगठ्याखाली चोळला आणि बाजूला टाकला.

"हे चामडं नाही. नुसता मुलामा आहे."

लेक ताट धरून तशीच उभी राहिली.

"बाबा, ती कातडी नव्हती हे तुम्हाला ठाऊक होतं."

रापी थांबली.

"जन्म गेला माझा चामड्यात."

"मग बोलला का नाहीत? पाऊल जाईल तुमचं!"

बाबांनी जोड्यावरचा भुगा फुंकला.

"त्या दिवशी तू शेजारणीला बोलावलंस. हसलीस. किती महिन्यांनी! म्हटलं, उद्या सांगू." रापी खाली ठेवून ते म्हणाले, "मग रोजच उद्या सांगू म्हणत राहिलो."

ती खाली बसली. पट्टी सोडली. एका दिवसात पातळसा थर परत धरला होता, तस्साच चकाकता. तिने गॉज भिजवलं आणि सगळा जोर लावून घासायला लागली.

"दुखतंय का?" पाच महिन्यांच्या सवयीने तिने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "तुला?"

गॉज गुलाबी झालं. तिला जखम नीट दिसेना.

"हो," ती म्हणाली, आणि बाहीने डोळे पुसून तिने दुसरं गॉज घेतलं.