कपाशीतलं विमान

"गॅस कटर नको गा! पेट्रोल गळून राहिलं, सगळेच जळून जाऊ!"

धम्मानंद रामटेके जिवाच्या आकांताने ओरडला. विमानाचं नाक बांधात रुतलं होतं. सीटपुढची लोखंडी नळी वाकून त्याच्या डाव्या नडगीवर आडवी बसली होती. उजवा हात तेवढा मोकळा. डोक्यावरच्या टाकीतून थेंब थेंब पेट्रोल खांद्यावर पडत होतं.

शेत त्याच्या मित्राचं, मुकुंदचं होतं, खापा गावाच्या अलीकडे. मोबाईल घेऊन जमलेल्या गर्दीवर तो खेकसला, "फोटो काय काढता बे? बिड्या विझवा आधी!" मग त्याने कटर मागे नेला आणि धम्मानंदच्या बायकोला, ताराला, फोन लावला. लोखंड कापायची करवत घेऊन ये म्हणाला.

धम्मानंदने तीस वर्षं कोळशाच्या खाणीत फिटरची नोकरी केली होती. रोज पिंजऱ्यातून खाली उतरताना आभाळाचा तुकडा दिसेनासा होईपर्यंत तो मान वर करून बघायचा. त्यातच कधीतरी विमानाचं वेड लागलं. अकरा वर्षं घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्याने नळ्या वेल्ड केल्या, मोटारीचं जुनं इंजिन बसवलं. परवानगी मिळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून मागितलीच नाही. आज सकाळी शेजारच्या पडीक माळावर चाकांनी जमीन सोडली. कडुलिंबाच्या झाडाएवढी उंची गाठली आणि इंजिन खोकून बंद पडलं. समोर कपाशी वेचणाऱ्या बाया होत्या. त्याने विमान बांधाकडे वळवलं.

तारा आली ती पदर खोचूनच. वाकून तिने त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, मग नळीकडे.

"तारा, करवतीवर पाणी सोडत राहा. ठिणगी पडू देऊ नको. अन् जोडावर नको कापू, तिथं वेल्डिंग..."

"मले नका सांगू. वेल्डिंग करताना नळी मीच धरली होती."

मुकुंद बाटलीने पाणी सोडू लागला. करवत कुरकुरू लागली. प्रत्येक हिसक्यासरशी धम्मानंदच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पाय ओढायला जावं तर पायाचा पत्ताच लागत नव्हता.

"पार्ट आणाले सावनेरले जातो, असं सांगून निघाले ना तुम्ही?" करवत न थांबवता तारा म्हणाली.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं तू."

"तीस वर्षं जाऊ नाही दिलं का? खाणीचा भोंगा वाजला का मी दाराकडे बघत बसायची. खाणीची जीप आली का छाती धडधडायची, कोणाच्या घरी थांबते म्हणून. वाटलं, रिटायर झाले, आता सुटली मी. तर तुम्ही वर चालले!"

तिचा आवाज चढला नाही. खाणीत आपण एकटेच उतरत होतो, असंच धम्मानंद इतकी वर्षं धरून चालला होता.

नळी तुटायला सव्वा तास लागला.

नागपूरच्या दवाखान्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले.

"विमान कोणी बनवलं?"

"मीच बनवलं, साहेब. परवानगी नव्हती. मुकुंदचा यात काही दोष नाही."

"बांधाकडे काहून वळवलं?"

"पुढे बाया होत्या."

हवालदाराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग लिहून घेतलं. बायांपैकी कोणाला खरचटलंही नव्हतं.

पोलीस गेले. तारा स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्याच तिने पलंगाच्या कडेला, त्याच्या तळहातावर डोकं टेकवलं. दुपार कलत होती. वॉर्डाचं दार कोणीतरी धाडकन लावलं, तरी ती दचकली नाही. पाहता पाहता तिला गाढ झोप लागली.

औषधाचा अंमल उतरला होता. कापून टाकलेल्या पायाची बोटं कोणीतरी पिळावीत तशी ठणकू लागली. नर्सला बोलवायचं बटण ताराच्या डोक्यापलीकडे होतं. हात काढला असता तर ती जागी झाली असती.

धम्मानंदने दात आवळले, डोळे छताला लावले आणि हात तसाच ठेवला.