धोंड्याचा महिना कुणाच्या वाट्याचा?

मित्रांनो, तांबडा रंग उडालेला आणि झाकणाला चीर गेलेला असा मी एक जुना थर्मास आहे. पुंडलिकनगरातल्या एका घराच्या माळ्यावर पडून असतो. माझी कहाणी गोड नाही. गोड करून सांगण्याची माझी इच्छाही नाही.

कारखान्यात माझ्या पोटात चकचकीत काच बसवली आणि मी गुलमंडीवरच्या दुकानात आलो. तिथून सोयगावच्या बद्रीनाथने मला विकत घेतले. त्याचा थोरला मुलगा काकासाहेब मुदतीच्या तापाने शहरातल्या दवाखान्यात पडला होता. आई भागूबाई माझ्यातले कढत दूध त्याला घोटघोट पाजायची. पोर उठून बसले. "ह्या थर्मासनं तारलं गं माय," असे ती चारचौघींत सांगायची, आणि मला कोण अभिमान वाटायचा!

पुढे बद्रीनाथ गेला आणि वाटण्या झाल्या. शेत धाकट्या रामकिसनकडे, शहरातले पुंडलिकनगरचे घर काकासाहेबाकडे. आणि भागूबाई? ती दोघांकडे, महिना-महिना. अमावास्या सरली की प्रतिपदेला तिची पिशवी भरली जायची. तिला साखरेचा जुना आजार होता. इन्सुलिनची बाटली गार पाण्यात, गार पाणी माझ्या पोटात, आणि मी म्हातारीच्या मांडीवर, असा आमचा एस.टी.चा प्रवास. पोहोचल्यावर सून आधी बाटली काढून फ्रीजमध्ये ठेवायची. बाटली आत गेली की म्हातारी त्या घरची झाली, अशी रीतच पडली होती. पदराने मला पुसत भागूबाई म्हणायची, "ह्याच्या पोटात माझा जीव हाये." ते अगदी खरे होते.

बरे चालले होते म्हणा, किंवा चालवून घेतले जात होते. मग एका वर्षी ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना! वाटणी करताना त्याचा विचार कुणीच केला नव्हता.

वैशाख रामकिसनचा होता. तो संपताच त्याने आईला पुंडलिकनगरला आणले.

"माझा म्हैना ज्येष्ठ. हा तर धोंडा हाये," काकासाहेब दारातच म्हणाला.

"वैशाख सरला नव्हं, दादा? मंग माझं काय ऱ्हायलं?" असे म्हणून रामकिसन परतीची एस.टी. गाठायला निघूनही गेला.

काकासाहेबाची बायको आशाबाई माझे झाकण फिरवू लागली. तोच नवरा खेकसला, "थांब! बाटली फ्रीजमधी गेली म्हंजी म्हैना आपल्यावर आला. ऱ्हाऊ दे तशीच." तसाही फ्रीज आमरसाच्या पातेल्यांनी भरला होता. लेक-जावई धोंडे खायला येणार होते ना! धोंड्यात जावयाला दान दिले की पुण्य लागते म्हणतात. आईची बाटली गार ठेवण्याचे पुण्य पोथीत नसावे.

मी व्हरांड्यात पत्र्याखाली खुंटीला टांगला गेलो. मे महिन्याचे ऊन. एक दिवस तग धरला. मग पोटातले पाणी कोमट झाले, पुढे तर अंघोळीला चालेल इतके. माझे काम गार ते गार राखण्याचे. गार पाणी कुणी ओतायला तर हवे! भाऊ-भाऊ फोनवर पंचांग काढून भांडत होते. त्याच बाटलीतले, उष्णतेने निकामी झालेले औषध आशाबाई सासूला रोज टोचत होती, आणि भागूबाई तांब्यामागून तांबे पाणी पीत होती. मला सगळे कळत होते. पण थर्मासाला ओरडता येत नाही, हेच माझे दुर्दैव.

"माय, त्वांड कामून सुकलं वं?" आशाबाईने एकदा विचारले.

"काय नाय बाई. पाव्हणे जाऊ दे, मंग बघू."

पाहुणे आले, पोटभर जेवले, चांदीचे निरांजन घेऊन गेले. त्याच संध्याकाळी हाका मारल्या तरी भागूबाई उठेना. दवाखान्यात धावपळ झाली, रामकिसनही आला. "इन्सुलिन कुठं ठेवत होता?" डॉक्टरांनी विचारले. काकासाहेबाने रामकिसनकडे पाहिले, रामकिसनने काकासाहेबाकडे. दोन दिवसांनी ती गेली.

दहाव्याला भावकी जमली. "लेकांनी लई केलं म्हातारीचं," कुणीतरी म्हणाले. तसा काकासाहेब डोळे पुसत म्हणाला, "ज्येष्ठ माझाच. माय माझ्याच म्हैन्यात गेली."

रामकिसन उसळला, "धोंडा हाये हा! वैशाखाला जोडून आला. माझ्या पाळीत गेली माय!"

जिवंतपणी जो महिना कुणालाच नको होता, तो आता दोघांनाही हवा झाला. मला संताप आला, मित्रांनो. आजही येतो.

माझे स्वतःसाठी काही मागणे नाही. मला खाली काढू नका, पुसूही नका. फक्त तुमच्या दारात एखादी आजी पिशवी घेऊन उभी राहिली, तर पंचांग नंतर काढा. आधी तिची बाटली फ्रीजमध्ये ठेवा.